अर्ध्या किमतीची पुस्तकं

जूनच्या पहिल्या आठवड्यात वडील मला
सुपडूच्या घरी न्यायचे.
ओट्यावर त्याची आई पुस्तकं मांडून बसलेली.
अर्धी किंमत.
भूगोलाचं कव्हर गेलं म्हणून पाव.
सुपडू माझ्यापुढे एक इयत्ता,
म्हणजे दरवर्षी मी
त्याच्याच पानांवरून मागोमाग चालायचो.

पहिल्या पानावर निळ्या शाईनं:
सुपडू नामदेव भंगाळे, पाचवी ब, सावदा.
त्याखाली मी माझं नाव लिहायचो, त्याच्यावर रेघ न मारता.
रेघ मारली की आयुष्य कमी होतं,
असं पोरांत ठरलेलं होतं.

आणि कोपऱ्यात, बारीक पेन्सिलीनं:
माझ्या मनातलं बघायचं तर पान ३१ बघ.
३१ वर: इथं नाही, ७४.
७४ वर: घाई काय? मागे जा, १२.
असं अख्ख्या पुस्तकातून फिरवून
शेवटच्या स्वाध्यायाखाली:
गधड्या, एवढ्या वेळात एक धडा झाला असता!

बागेत केळीची कापणी करून तो शाळेत यायचा.
सदऱ्यावर चिकाचे तपकिरी डाग, पुस्तकांवरही.
चीक लागला की जात नाही,
कापडावरून काय, इतिहासावरून काय.

गाळलेल्या जागा त्यानं आधीच भरून ठेवलेल्या.
तापी नदी कुठे उगम पावते?
‘मामाच्या गावापुढे.’
मी तेच उतरवलं.
झोपेबाईंनी (आडनाव झोपे, पण त्यांच्या तासाला
डुलकी घ्यायची कुणाची टाप नव्हती)
मला उभं केलं, विचारलं,
तुला मामा आहे का रे?
नव्हता.

आठवीच्या जूनमध्ये ओटा रिकामा.
‘यंदा नाही द्यायची,’ त्याची आई म्हणाली, ‘त्यालाच लागतील.’
वडिलांना माझ्याआधी कळलं.
त्यांनी चहा बशीत ओतला
आणि पावसापाण्याचं बोलत राहिले.

मग सुपडू माझ्याच बाकावर.
गुडघे बाकाखाली मावत नव्हते.
वडिलांनी फक्त गणिताचं नवं घेतलं,
त्याच्या कोऱ्या वासाची मलाच लाज वाटायची.
बाकीची पुस्तकं दोघांच्या मधोमध.
‘पान तू उलट,’ तो म्हणाला,
‘माझं एकदा वाचून झालंय.’

विज्ञानाच्या पुस्तकातही ती पेन्सिल होती.
१९ वरून ८८, ८८ वरून ५३.
५३ नव्हतंच.
‘कुठंय?’ मी विचारलं.
तो फळ्याकडे बघत म्हणाला, ‘फाडलं.’
‘काय होतं त्यावर?’
‘बाई आल्या.’
बाई आल्या नव्हत्या.

दिवाळीनंतर तो आलाच नाही.
पुस्तकं माझ्याकडेच राहिली.
आई किंमत द्यायला गेली, तर त्याच्या आईनं
तिच्या मुठीत पैसे परत कोंबले
आणि वर केळीची एक फणी दिली.
बाकावर कर्कटकानं कोरलेलं ‘सुप’ होतं.
पुढचं अक्षर मी कोरून टाकावं का,
वर्षभर ठरेना.

परवा सावद्याला गेलो.
काट्यापाशी घडांचं वजन चाललेलं,
तो पावत्या फाडत होता, कानामागे पेन.
अक्षर तेच, उजवीकडे कललेलं,
वाऱ्यात वाकलेल्या केळीसारखं.
मी ओळख दिली, आणि लगेच, मूर्खासारखं,
५३ चं विचारलं.
तो इतका हसला की काटा हलला.
‘मले काय याद हाये, भो!
चाल, चहा घे.’

पुस्तक अजून आहे माझ्याकडे.
५२ नंतर थेट ५५.
मधे फाटलेल्या पानाची कड,
शिवणीला धरून राहिलेली,
बोटाच्या पेराएवढी.
तिच्यावरही चिकाचा डाग.